थोडी माया सोडून कापा

वाचक लिहितात:

सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहते. वय एकसष्ट. आमच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. तीत सासूबाईंची इरकली लुगडी, ओटीत आलेले पस्तीस-चाळीस ब्लाऊजपीस आणि खण, मुलांची झबली, यजमानांचे सुती शर्ट आणि सासरे शाहू मिलमध्ये होते तेव्हाचं थोडं मांजरपाट, असं सगळं तीस वर्षं साठवून ठेवलंय. 'कधीतरी वाकळ शिवीन' म्हणत आले. २०१९ च्या पुरात ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. सासूबाईंच्या चार लुगड्यांपैकी एक खाली राहिलं होतं, ते चिखलात गेलं. त्याचे डाग अजून आहेत. या वेळी घट बसायच्या आधी दसरा काढताना ट्रंक खाली उतरवली, ती अजून सोप्यातच आहे. लेक पहिल्या बाळंतपणाला माघात माहेरी येणार आहे. बाळासाठी यातलं काहीतरी शिवावं असं फार वाटतं. चार वेळा कात्री हातात घेतली आणि चार वेळा खाली ठेवली. मशीनवर परकर, उशांचे अभ्रे शिवते, पण वाकळ कधी शिवलेली नाही. जाऊबाई म्हणतात, गेलेल्या माणसाचं लुगडं कापू नये. काय कापू, काय ठेवू, सुरुवात कुठून करू?

ताई,

कात्री खाली ठेवलीत ते बरं केलंत. तुमच्या पत्रावरून वाटतं की चारही वेळा तुमच्या समोर सासूबाईंचं लुगडंच होतं. सुरुवात लुगड्यापासून करायची नसते. ज्या कापडावर आपला सगळ्यात जास्त जीव आहे त्यावर पहिली कात्री चालवायला गेलं की हात थांबणारच, आणि तो थांबावाच. आधी कापायचं ते ओटीतलं. कुणी दिलं, कुठल्या कार्यात दिलं हेसुद्धा आठवत नाही असे ब्लाऊजपीस त्या चाळीसांत दहा-बारा तरी निघतील. तिथून सुरुवात करा.

पण त्याआधी सगळी ट्रंक रिकामी करा. आज-उद्याच करा. ट्रंकेत ठेवलेलं कापड जसंच्या तसं राहतं असं आपण समजतो, आणि ते खरं नाही. तीस वर्षं एकाच घडीवर राहिलेलं सुती कापड त्या घडीच्या रेषेवर विरत जातं. खळ घालून ठेवलं असेल तर कसर लागते, कारण तिला खळीचीच चव. लाकडाला किंवा वर्तमानपत्राला टेकलेला भाग पिवळा पडतो. माझ्या आईची एक पांढरी मलमलची साडी मी अशीच जपली होती. बावीस वर्षांनी उलगडली तर घडीघडीवर उभ्या चिरा गेलेल्या, आणि धुवायला टाकली तशी बादलीतच तिच्या पट्ट्या झाल्या. ती साडी मी एकदाही नेसले नव्हते. नेसले असते तर घड्या तरी मोडल्या असत्या. म्हणून तुम्हाला इतक्या घाईनं सांगते आहे.

प्रत्येक कापड उजेडासमोर धरा. घडीच्या रेषेतून उजेड जास्त येतो का बघा. मग दोन्ही हातांनी आधी उभं आणि मग आडवं हलकं ताणा. तग धरलं तर ते वाकळीच्या वरच्या अंगाला चालेल. चरचर आवाज आला, सुतं सरकली, तर ते जुनेर आतल्या थराला. आतल्या थराला ताकद लागत नाही, मऊपणा लागतो, आणि तो जुनेराइतका कशातच नसतो.

आता जाऊबाईंचं. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. त्यांना ते लुगडं म्हणजे सासूबाईच वाटत असतील. पण आपल्या भागात वाकळ कशाची होते ते आठवून बघा. नव्या कापडाची वाकळ कुणी शिवत नाही. आज्जीचं, पणजीचं लुगडं विरलं की ते वाकळीच्या पोटात जातं. नवं जन्मलेलं लेकरू पहिल्यांदा गुंडाळतात तेही घरातल्या कुणाच्या तरी जुन्या लुगड्याच्या धडप्यात. आमच्या आज्जी वाकळीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत तांदळाचे चार दाणे टाकायच्या. वाकळ उपाशी राहू नये म्हणायच्या. लुगडं कापून त्या कुणाला दुखावत होत्या असं मला कधी वाटलं नाही.

तरीही जाऊबाईंना विचारल्याशिवाय लुगड्याला हात लावू नका. सासूबाई तुम्हा दोघींच्या होत्या, नणंद असेल तर तिच्याही. ट्रंक तुमच्या माळ्यावर राहिली म्हणून लुगडी एकट्या तुमची झाली नाहीत. जाऊबाईंना घरी बोलवा, लुगडी सतरंजीवर पसरा आणि म्हणा, तुम्हाला यातलं जे हवं ते आधी घ्या. 'कापू का' असा प्रश्न टाकू नका, त्याला फक्त हो किंवा नाही एवढीच उत्तरं असतात. कुठलं ठेवायचं एवढंच विचारा. चारपैकी एक त्यांना द्या, एक तुम्ही अख्खं ठेवा. उरलेल्या दोनांत एक पुरातलं आहेच. आणि कापायची वेळ आली तरी टोप पदराला कात्री लावू नका. इरकलीच्या पदराची उभी सुतं वेगळी असतात आणि ती मागावरच अंगाच्या सुतांना जोडलेली असतात, ती जोडणी हाताची असते आणि ती एकदा तुटली की घरी जोडता येत नाही. अंगाचं सूत विरतं, पण काठ पुष्कळ वर्षं टिकतात. ते काठ पुढे मोठ्या वाकळीच्या कडेला फार शोभतील.

शाहू मिलचं मांजरपाट मात्र अजिबात कापू नका. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेली ती मिल आता बंद आहे. ठाणाच्या टोकाला मिलचा शिक्का असला तर तो भाग बाहेरच्या बाजूला येईल असा गुंडाळून ठेवा. सासऱ्यांच्या कष्टाचं ते कापड आहे, नातवंडांना दाखवायला राहू दे. वाकळीला मांजरपाट लागलंच तर महाद्वार रोडला कुठल्याही कापडाच्या दुकानात मिळतं, आणि इचलकरंजी तर तासाभरावर आहे.

धुण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पहिली वाकळ बिघडते ती शिवणीत नाही, धुण्यात बिघडते. माझी तशीच बिघडली. लाल खण न धुता पांढऱ्या मलमलीशेजारी जोडला. महिनाभर हातानं शिवलेली वाकळ पहिल्याच पाण्यात गुलाबी झाली आणि ते डाग कधीच गेले नाहीत. तेव्हा कापायच्या आधी प्रत्येक तुकडा धुवा. गडद रंगाच्या कापडाचा एक कोपरा आधी ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून घासा. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड वेगळ्या बादलीत टाका आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवत राहा. चार-पाच धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर ते या कामाला घेऊ नका, कितीही आवडलं तरी. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं आपण सगळ्यांनी ऐकलंय. कापड रंगवतानाच्या पाण्यात मीठ कामाचं असतं, ते रंगाला सुताकडे ढकलतं. रंगवून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग मात्र ते धरून ठेवत नाही. शिवाय कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच इतकं आटू शकतं. न धुता जोडलं तर एक चौकोन आटतो, शेजारचा आटत नाही, आणि सगळी वाकळ सुरकुतते. ऑक्टोबरचं ऊन आहे तोवर हे उरकून घ्या. रंगीत कापड उलटं करून सावलीत वाळवा, पांढरं उन्हात.

ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील तर हे विशेष लक्ष देऊन वाचा. त्या गोळ्यांत बहुतेक वेळा नॅप्थलीन असतं. नवजात बाळाला, त्यातही ज्याच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी हे विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं अशा बाळाला, गोळ्यांचा वास मुरलेल्या कपड्यांमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. बाळाला तशी कमतरता आहे की नाही हे घरात बघून कळत नाही. म्हणून बाळासाठी घ्यायचं कापड दोन-तीनदा धुवा, काही दिवस वाऱ्यावर टाका आणि नाकाला लावून वास पूर्ण गेल्याची खात्री करा. ती मुलांची जुनी झबली बाळाला घालायचा विचार असेल तर त्यांनाही हेच.

मग सुती कुठलं आणि मिश्र कुठलं ते वेगळं करा. टू बाय टूचे जुने ब्लाऊजपीस बहुधा सुतीच निघतील, पण हाताला फसायला होतं. शंका असेल तिथे चार सुतं काढून चिमट्यात धरा आणि मोरीत काडी लावून बघा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि काळा कडक मणी राहतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. बाळासाठी फक्त सुती घ्या.

खण यातून बाजूला ठेवा. खण दिसतो देखणा, पण कापला की कडेनं दशा सुटतात, मागच्या बाजूला सुतं मोकळी असतात, आणि अंगाला तो टोचतो. गुळेदगुड्डचा अस्सल खण असेल तर तो पुढच्या कुठल्या तरी कामात आतून मलमल लावून वापरता येईल. या कामात नको.

आणि हे काम म्हणजे वाकळ नव्हे, दुपटं. पाच बाय सात फुटांची वाकळ पहिल्याच खेपेला घेऊ नका. तिला १४० चौकोन लागतात. अर्ध्यात कंटाळा आला की तीही ट्रंकेत जाऊन बसते. तीन फूट बाय तीन फुटांचं दुपटं ३६ चौकोनांत होतं, आणि माघापर्यंत तेवढं आरामात होईल.

ब्लाऊजपीस सहा निवडा, तीन गडद आणि तीन फिकट. रंग जुळवत बसू नका. जांभळ्याशेजारी पोपटी चालेल का, असल्या विचारात आठवडे जातात. गडदाशेजारी फिकट आलं की कुठलेही दोन रंग एकमेकांशेजारी नांदतात. गडद कुठलं, फिकट कुठलं असा घोळ झाला तर सगळे तुकडे शेजारी मांडून मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढा, लगेच कळतं.

चौकोन कापायचा साडेसहा इंचांचा. शिवल्यावर तो सहा इंचांचा राहतो, कारण चारही बाजूंनी शिवणीत जाणारी पाव-पाव इंच माया सोडायची. अभ्रे शिवता म्हणजे माया म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण इथे ती सगळीकडे सारखी हवी. एका चौकोनाला पाव इंच आणि दुसऱ्याला अर्धा झाला की सहाव्या ओळीला कोपरे जुळत नाहीत. मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंच मोजून रंगीत चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला धरून चालवा. साचा पुठ्ठ्याचा केला तर चार वेळा आखून त्याच्या कडा झिजतात. घरात जुनी एक्स-रेची फिल्म असेल तर तिचा कापा, ती झिजत नाही आणि तिच्यातून खालचं फूल-नक्षी दिसते, त्यामुळे तुकडा नेमका कुठून घ्यायचा ते ठरवता येतं.

कात्रीची भीती घालवायला एक करा. पहिलं कापड कात्रीनं कापूच नका. साडेसहा इंचांवर खूण करा, कडेला कात्रीचा एक छोटा छेद द्या आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडा, कापडवाले पॉपलिन फाडून देतात तसं. सुती कापड आपल्या सुताच्या रेषेतच फाटतं, त्यामुळे पट्टी आपोआप सरळ येते. तो आवाज एकदा झाला की मन मोकळं होतं, हे मी माझ्याकडे शिकायला आलेल्या कितीतरी जणींच्या बाबतीत पाहिलंय. पट्टीला इस्त्री करा, मग साचा ठेवून चौकोन कापा. साधारण ८० सेंटिमीटरचा, ३६ इंच पन्ह्याचा ब्लाऊजपीस असेल तर त्यात असे २० चौकोन बसतात. तुम्हाला प्रत्येकातून सहाच हवेत. म्हणजे बरंचसं कापड शिल्लक राहणार आहे, चुकलं तरी.

आधी सहा-सहा चौकोनांच्या ओळी जोडा, मग ओळीला ओळ. हे मशीनवर करा, सुई १४ नंबरची. एका ओळीची माया उजवीकडे आणि तिच्या खालच्या ओळीची डावीकडे वळवून इस्त्री केली तर सांध्यावर चार पदरांची गाठ होत नाही. कुठे उरेब, म्हणजे सुताला तिरका कापलेला, तुकडा आला असेल तर तो ताणू नका, तो वाढत जातो.

आतला थर तुमच्या स्वतःच्या नेसून नेसून मऊ झालेल्या सुती साडीचा घाला, दोन पदर पुरे. खालीही तीच साडी किंवा धुतलेलं मलमल. यजमानांच्या शर्टांच्या पाठीही चालतील, जोडून घ्याव्या लागतील एवढंच. पुरातलं लुगडं बाळाच्या दुपट्यात नको. डाग गेले नाहीत म्हणून नाही, ते पाणी कुठून कुठून आलेलं होतं म्हणून. ते गरम पाण्यात धुऊन पुढच्या मोठ्या वाकळीच्या पोटात घाला. सोलापुरी चादरही आत घालू नका, सुई निघत नाही आणि दुपटं जड होतं.

सगळे थर फरशीवर पसरा, चार कोपऱ्यांवर डबे किंवा वरवंटा ठेवून सुरकुत्या काढा आणि मधून बाहेरच्या दिशेनं मोठे कच्चे टाके घाला. चार-चार बोटांवर एक टाका हवाच. याचा कंटाळा करू नका, धावदोऱ्यात खालचं कापड गोळा होतं ते इथल्या आळसामुळे. मग कडा आत दुमडून बंद करा आणि धावदोरा सुरू करा, तो मात्र हातानं. आपल्याकडे बाहेरच्या कडेपासून गोल गोल आत येतात. खाली उत्तर कन्नडात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंदी म्हणजे त्यांच्याकडची वाकळ शिवतात, त्याही कडेनंच सुरू करतात आणि कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची फुलं लावतात. तुम्ही पहिल्या वेळी सरळ ओळी घातल्या तरी चालेल. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. दोरा जाड सुती घ्या, त्याला मेण लावा, आणि हातभरच तोडा. लांब घेतला की गुंततो. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, नाहीतर तिसऱ्या दिवशी सुई धरवणार नाही. रोज दुपारी तासभर बसलात तर माझ्या अंदाजानं जोडायला आठवडा आणि धावदोऱ्याला तीन आठवडे लागतील. टाके वाकडे येतील. पहिल्या दोन ओळींचे येतातच. ते उसवू नका, तुमचा हात कसा बसत गेला ते लेकीला त्यात दिसेल.

एक काळजीचं. दुपटं बाळाच्या खाली अंथरायला, मांडीवर घेताना किंवा जागेपणी लोळवायला वापरा. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर पहिलं वर्षभर सैल पांघरूण टाकू नये असं डॉक्टर सांगतात, ते तोंडावर येण्याची भीती असते.

आणि चौकोन ३६ लागणार असले तरी तुम्ही ३५ च कापा. शेवटच्या ओळीचा शेवटचा कोपरा रिकामा ठेवा. पाच ओळी जोडून झाल्या की त्या घेऊन जाऊबाईंकडे जा. त्या वेळी त्यांच्या मनात आलं, तर उरलेल्या लुगड्याच्या काठालगतचा चांगला भाग त्यांनाच निवडू द्या, साचा आणि कात्री त्यांच्या हातात द्या. विरलेला वाटला तर मागे मलमल लावून घ्या. त्या नको म्हणाल्या तर यजमानांच्या शर्टाचा तुकडा बसवा आणि लुगडं घडी बदलून परत ठेवा. कोपरा बंद करायच्या आधी तांदूळ मात्र त्यांच्या हातचे टाकून घ्या, चार दाणे.